सोव्हिएत यंत्रे : संग्रह आणि भंगार यांच्या मधोमध

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागले की नदीनाक्यापुढे शेलार येते. यंत्रमाग, सायझिंग, गोदामे आणि या सगळ्यांतून निघणाऱ्या जुन्या मालावर चालणारा भंगाराचा धंदा हे या पट्ट्याचे रोजचे चित्र आहे. भंगारात आलेले यंत्र लगेच सुटे होते. तांबे एका ढिगात, पितळ दुसऱ्यात, ॲल्युमिनियम तिसऱ्यात आणि उरलेले लोखंड ट्रकवर. या धंद्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. धातू पुन्हा वापरात येतो तो याच हातांमुळे. पण किलोच्या भावाने जाणाऱ्या मालात कधी कधी तांब्याहून मोलाची वस्तू असते आणि ती ओळखणारे जवळ कोणी नसते. जुनी सोव्हिएत दळणवळणाची आणि विजेची उपकरणे हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

ही उपकरणे जमवणे हा जगभर रुजलेला छंद आहे. रीगाचे रेडिओ, सारातोव्हच्या व्हॉल्व्ह, रणगाड्यातले बिनतारी संच, आकडे उजळणाऱ्या काचेच्या नळ्या यांचे संग्राहक युरोपात आणि अमेरिकेत हजारोंनी आहेत. महाराष्ट्रात मात्र प्रश्नाचे रूप वेगळे आहे. इथे सोव्हिएत उपकरण दुकानातून फारसे आले नाही, ते सरकारी मार्गाने आले आणि जाताना लिलावातून भंगारात गेले. त्यामुळे आपल्याकडे संग्रहाचा विचार छंदापुरता ठेवून चालणार नाही. तो सार्वजनिक इतिहासाचाही विचार आहे.

ही यंत्रे आली कुठून

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1953 मध्ये व्यापार करार झाला. पुढे हा व्यापार रुपयांत चालू लागला. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला रुपयांत यंत्रसामग्री मिळणे ही मोठी सोय होती. व्यापारातून आणि तंत्रसहकार्यातून आलेल्या या मालाचा काही भाग मुंबई आणि नाशिक या शहरांशी जोडलेला आहे.

पहिले नाव पवईच्या आयआयटीचे. 1958 साली वरळीत वर्ग सुरू झाले आणि 10 मार्च 1959 रोजी पंडित नेहरूंनी पवईला पायाभरणी केली. 1956 ते 1973 या काळात युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाने या संस्थेला उपकरणे आणि तज्ज्ञ पुरवले. 59 तज्ज्ञ आणि 14 तंत्रज्ञ तिथे येऊन गेले, तर 27 शिष्यवृत्त्यांवर इथले अध्यापक सोव्हिएत संघात शिकायला गेले. मिन्स्क-2 हा सोव्हिएत संगणक आणि नंतरचा ईसी-1030 याच संस्थेत चालले. मुंबईतल्या अभियंत्यांच्या एका पिढीने प्रयोगशाळेत पहिल्यांदा हात लावला तो रशियन अक्षरांच्या बटणांना.

दुसरे नाव नाशिकजवळच्या ओझरचे. 1964 मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना तिथे उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी विभागणी होती. मिग-21 मधला आर-802 हा बोलण्याचा संच आणि एआरके-10 हे दिशा दाखवणारे रेडिओ-होकायंत्र ओझरच्या तंत्रज्ञांच्या हाताखालून गेले. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडमध्ये मिग-21 ला वायुसेनेने निरोप दिला. आता या विमानांच्या पोटातली उपकरणे कुठे जातात, हा आजचा प्रश्न आहे.

तिसरे नाव मुंबईच्या नौदल गोदीचे. 1971 च्या आरंभी सोव्हिएत बनावटीच्या आठ ओसा क्षेपणास्त्र नौका भारतात आल्या. त्यांच्या खलाशांचे प्रशिक्षण व्लादिवोस्तोकला झाले होते. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन नौकांनी कराचीवर हल्ला केला. सोबतीला असलेल्या किलतान आणि कच्छल याही सोव्हिएत बनावटीच्याच. त्या मोहिमेत आपले नौसैनिक बिनतारीवर रशियनमध्ये बोलत होते, म्हणजे ऐकणाऱ्या शत्रूचा गोंधळ व्हावा, असे सांगितले जाते. पुढे सत्तरच्या दशकात आलेल्या तीन सोव्हिएत कॉर्व्हेटना विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि होसदुर्ग अशी किल्ल्यांची नावे मिळाली. यंत्रे सोव्हिएत, नाव मालवणचे, खलाशी कोकणातलेही. हा इतिहास जितका सोव्हिएत संघाचा तितकाच आपला आहे.

याखेरीज भिलाईसारख्या पोलाद प्रकल्पावर काम केलेल्या विदर्भातल्या कुटुंबांनी आणि मॉस्कोला शिकून आलेल्यांनी घरगुती वस्तू आणल्या. ट्रान्झिस्टर, विजेवरचे समोवार, दाढीची यंत्रे, कॅमेरे. संख्येने थोड्या असल्या, तरी कुणाकडून आल्या आणि केव्हा आल्या हे घरात माहीत असते. म्हणून त्यांचे मोल वेगळे.

एक संच जवळून

आर-123एम हा रणगाड्यातला बिनतारी संच पाहिला की सोव्हिएत विचाराची पद्धत कळते. टी-55 च्या पुढच्या घडणीत आणि टी-72 च्या सुरुवातीच्या घडणीत तो बसवलेला असे. जाड धातूची पेटी, समोर मोठ्या मुठी, आणि हातमोजे घालूनही फिरवता येतील असे स्विच. वरच्या बाजूला एक लहान खिडकी आहे. आतल्या तबकडीवरचे आकडे दिव्याच्या उजेडात मोठे होऊन त्या खिडकीत दिसतात. 20 ते 51.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 25 किलोहर्ट्झच्या अंतराने 1261 जागा आहेत. त्यांतल्या चार आधी ठरवून ठेवता येतात. लढाईच्या धांदलीत जवानाने फक्त एक मूठ वळवायची. आतली मोटर फिरते आणि संच त्या जागेवर जाऊन स्वतः थांबतो. शेवटच्या टप्प्याला जीयू-50 नावाची व्हॉल्व्ह आहे. मूळ जर्मन एलएस-50 वरून उतरवलेली, धातूच्या टोपीला धरून एका ओढीत बाहेर काढता येणारी. रणगाड्यात बोलणे ओठांजवळच्या मायक्रोफोनवर होत नसे. टोपीच्या पट्ट्याला लावलेला मायक्रोफोन गळ्याला चिकटून असे आणि कंठातली थरथर उचले, कारण इंजिनाच्या आवाजात दुसरे काही चालले नसते.

भंगारात हा संच गेला तर काही किलो ॲल्युमिनियम आणि थोडे तांबे मिळते. संग्रहात राहिला तर त्या काळची लढाई, कारखाना आणि माणूस यांचा पुरावा राहतो.

आज काय, कुठे दिसते

महाराष्ट्रात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय 1994 पासून आहे. सोव्हिएत घडणीचे रणगाडे तिथे मोकळ्या मैदानात पाहता येतात. गोव्यात बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल हवाई संग्रहालयात कामोव्ह हेलिकॉप्टर आहे. कारवारच्या किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही ओसा वर्गातली क्षेपणास्त्र नौका 2006 पासून पर्यटकांसाठी खुली आहे. विशाखापट्टणमला आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी 2002 पासून संग्रहालय आहे. तिच्या आत शिरले की सोव्हिएत उपकरणे मूळ जागेवर, मूळ तारांसह दिसतात. अभ्यासकाला या सगळ्यांत कुरसुराच सर्वाधिक उपयोगी. बाकी ठिकाणी बाहेरचे कवच जपलेले असते, पण आतल्या बिनतारी आणि विजेच्या सामानाला स्वतंत्र दालन आणि माहितीफलक क्वचितच मिळतो.

तुलनेसाठी सेंट पीटर्सबर्गचे पोपोव्ह दळणवळण संग्रहालय घ्यावे. ते 1872 पासून चालू आहे आणि तारयंत्रापासून उपग्रहापर्यंतची साखळी एका छताखाली मांडते. ज्या देशाने चाळीस वर्षे सोव्हिएत संच वापरले, दुरुस्त केले, काही स्वतः बनवले, त्या देशात असे एकही दालन नसावे ही खरी उणीव आहे.

बाजाराचे चित्र सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी लॅमिंग्टन रोड, जहाजतोडणीचा दारूखाना आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. सरकारी खात्यांचा बाद माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून गठ्ठ्याने विकला जातो. तो घेणारा वजन पाहूनच बोली लावतो. दुकानात एखादा सुटा मीटर किंवा जहाजावरचा दिवा येतो, पण तोवर त्याचे पुस्तक, त्याची तार आणि तो कोणत्या नौकेवरून उतरला ही माहिती गळून पडलेली असते.

संग्राहक काय पाहतात

जाणता संग्राहक आधी शिक्के वाचतो. सोव्हिएत वस्तूवर कारखान्याचे चिन्ह असते, बहुतेक वेळा उत्पादनाचे वर्ष असते आणि घरगुती वस्तूवर तर प्लॅस्टिकमध्येच रुबल-कोपेकमधली किंमत उमटवलेली असते. किंमत देशभर एकच असल्याने ती साच्यात कोरणे शक्य होते. लष्करी भागांवर समभुज चौकोनी शिक्का दिसतो. 1967 नंतर चांगल्या मालावर पंचकोनी राज्य-गुणवत्ता चिन्ह येऊ लागले. रशियन वर्णमाला शिकायला चार संध्याकाळी पुरतात, आणि तेवढ्यावर निम्मी ओळख पटते.

रेडिओंमध्ये रीगाच्या व्हीईएफ कारखान्याचा स्पिडोला सर्वांत प्रसिद्ध. सोव्हिएत संघातला हा पहिला मोठ्या संख्येने निघालेला ट्रान्झिस्टर. त्याचे नाव लाटव्हियन महाकाव्यातल्या पात्राचे आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. सोव्हिएत म्हणजे फक्त रशिया नव्हे. रीगा, मिन्स्क, खारकिव्ह, ल्विव, कीव ही सगळी या उद्योगाची केंद्रे होती. आज ती वेगवेगळ्या देशांत आहेत, आणि खारकिव्ह-कीववर युद्धाची आग बरसते आहे. वस्तूवर कारखान्याचे नाव नोंदवताना शहर आणि देश नीट लिहिणे हे सभ्यतेचेही काम आहे.

सोव्हिएत रेडिओ इथे लावल्यावर काय ऐकू येईल? मध्यम लहरींवर आकाशवाणी लागते. दीर्घ लहरींचा पट्टा मुका राहतो, कारण भारतात त्यावर प्रसारण नाही. एफएमचा पट्टा असलाच तर तोही मुका राहतो, कारण सोव्हिएत एफएम 65.8 ते 74 मेगाहर्ट्झवर होते आणि आपले 88 ते 108 वर आहे. नवखा माणूस संच बिघडला समजून तो उघडतो आणि चांगल्या यंत्राची वाट लावतो.

व्हॉल्व्ह आणि आकड्यांच्या नळ्या हा दुसरा मोठा विभाग. आयएन-12 ही निऑन भरलेली नळी घ्या. आत शून्य ते नऊ असे तारेचे आकडे एकामागे एक रचलेले असतात. सुमारे 170 व्होल्ट दिले की हवा तो आकडा नारिंगी उजळतो. यातला पाचाचा आकडा म्हणजे उलटा बसवलेला दोन आहे. साचा वाचवण्यासाठी कारखान्याने केलेली ही काटकसर नळी हातात घेतल्याशिवाय ध्यानात येत नाही. ध्वनीच्या शौकिनांना 6एस33एस ही जाडजूड व्हॉल्व्ह हवी असते. 1976 मध्ये एका सोव्हिएत वैमानिकाने मिग-25 जपानमध्ये उतरवले, तेव्हा त्यातल्या व्हॉल्व्ह पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञ चकित झाले होते. आपल्या वायुसेनेनेही मिग-25 2006 पर्यंत वापरले. सारातोव्हच्या कारखान्यातल्या व्हॉल्व्ह गिटारच्या ॲम्प्लिफायरांत आजही लागतात.

सोन्याचा शाप

या वस्तूंचा सर्वांत मोठा शत्रू गंज नाही. तो आहे त्यांच्यातला मौल्यवान धातू. सोव्हिएत लष्करी जोडण्यांवर सोन्याचा मुलामा असे. केएम मालिकेच्या लहान कपॅसिटरांत पॅलेडियम आणि प्लॅटिनम असते, तर काही टँटलम कपॅसिटरांचे कवच चांदीचे. प्रत्येक उपकरणासोबत येणाऱ्या पुस्तिकेला 'पासपोर्ट' म्हणत आणि त्यात एक रकाना असा असे की या यंत्रात सोने इतके ग्रॅम, चांदी इतके ग्रॅम. राज्याने हिशेबासाठी केलेली ही नोंद पुढे धातू गाळणाऱ्यांचा नकाशा झाली. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर तिथले असंख्य संच केवळ कपॅसिटरांसाठी फोडले गेले. आम्लात गाळण्याचे हे काम कोंदट गाळ्यात केले तर करणाऱ्याची फुप्फुसे जातात आणि नाल्यात विष जाते. भिवंडी तालुक्यात गोदामांना लागणाऱ्या आगी आणि धूर आपण पाहतो. अशा गाळपाला इथे थारा मिळू नये, हे यंत्रांइतकेच माणसांसाठी महत्त्वाचे आहे.

जपणूक आणि जोखीम

विजेच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. सोव्हिएत घरगुती वीज 220 व्होल्ट, 50 हर्ट्झ होती आणि आपली जवळपास तीच. मात्र जुन्या संचांवर 127 आणि 220 असा निवडीचा खटका असतो. तो न पाहता प्लग लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. विमानातली उपकरणे 27 व्होल्ट डीसी किंवा 115 व्होल्ट, 400 हर्ट्झवर चालतात, रणगाड्यातली 26 व्होल्टवर. वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट मेनवर लावू नये. आपल्याकडचा प्रत्येक वायरमन वापरतो तो सिरीज लॅम्प इथे उत्तम. बल्ब भडकला तर आत शॉर्ट आहे, मंद झाला तर हळूहळू पुढे जावे. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी तपासावेत. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात संपर्कबिंदूंवर हिरवट थर आणि भिंगांवर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल घातलेला बंद डबा हवा.

खरा धोका तबकड्यांत आहे. जुन्या विमानांच्या आणि जहाजांच्या अंधारात चमकणाऱ्या मीटरांवर रेडियमचा रंग असे. चमक विझली तरी किरणोत्सर्ग विझत नाही, कारण रेडियम-226 चे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षे आहे. अशी तबकडी उघडू नये, खरवडू नये, मुलांच्या हाती देऊ नये. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाने विकलेल्या जुन्या उपकरणातल्या कोबाल्ट-60 मुळे एका कामगाराचा जीव गेला. ते उपकरण सोव्हिएत नव्हते, पण धडा प्रत्येक भंगार गोदामासाठी आहे. सोव्होल, सोव्हटोल या नावांनी ओळखले जाणारे पीसीबी तेल जुन्या कपॅसिटरांत आणि ट्रान्सफॉर्मरांत असते, तेही तितकेच घातक.

कायदा स्पष्ट आहे. 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र बाळगणे गुन्हा ठरवले, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृततेची तरतूद आहे. ऐकण्याचा रेडिओ ठेवायला हरकत नाही. प्रक्षेपण करणारा संच मात्र हौस म्हणून घरात ठेवू नये. ज्यांना हे काम मनापासून करायचे आहे त्यांनी हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा द्यावी आणि परवाना घ्यावा. लष्करी माल घेताना लिलावाची पावती जपावी. ही यंत्रे शंभर वर्षांची नसल्यामुळे 1972 च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण त्यांना नाही. म्हणजे ती वाचवण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

चालू करावे की जसेच्या तसे ठेवावे

संग्राहकांत हा जुना वाद आहे. एक बाजू म्हणते, बोलत नाही तो रेडिओ कसला? दुसरी म्हणते, मूळ कपॅसिटर काढला की पुरावा गेला. माझे मत असे की ज्याच्या प्रती पुष्कळ आहेत तो संच दुरुस्त करून चालवावा, आणि ज्याची प्रत दुर्मीळ आहे किंवा ज्याची नौका-विमानाशी खात्रीची जोडणी आहे तो हात न लावता ठेवावा. बदललेला प्रत्येक भाग पिशवीत घालून यंत्रासोबतच ठेवावा. एका संचाचे भाग काढून दुसरा उभा करणे आपल्या सैन्याला 1991 नंतरच्या सुट्या भागांच्या टंचाईत करावे लागले. संग्राहकावर ती वेळ नाही, म्हणून त्याने ती सवयही लावून घेऊ नये.

दुसरा वाद लष्करी वस्तूंच्या दिमाखाचा. दिवाणखान्यात मांडलेला संच शोभेचा होतो आणि त्यामागची माणसे दिसेनाशी होतात. त्यावर उपाय एकच, प्रत्येक वस्तूसोबत माहिती लिहिलेली असावी.

आता काय करायचे

या सगळ्याचा निष्कर्ष मी असा काढतो. महाराष्ट्रात सोव्हिएत उपकरणांचा मोठा खाजगी संग्रह उभा राहणे आज कठीण आहे, पण नोंद उभी राहणे अजून शक्य आहे. वस्तूपेक्षा नोंद आधी हवी. 1970 च्या सुमारास विशीत व्लादिवोस्तोकला गेलेला नौसैनिक आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. ओझरचे पहिल्या फळीतले तंत्रज्ञही त्याच वयाचे किंवा त्याहून मोठे. कोणता खटका कशासाठी, कोणता भाग पावसाळ्यात दगा देई, रशियन पुस्तिकेतला कोणता आकडा चुकीचा होता, हे ज्ञान कुठल्याही पासपोर्टात नाही.

म्हणून तीन विनंत्या. शेलार-भिवंडीच्या गोदामवाल्यांना: रशियन अक्षरांचे मीटर, संच किंवा पुस्तिका दिसली तर फोडण्याआधी फोटो काढा आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला दाखवा. चमकत्या तबकडीला हातोडा लावू नका. ज्यांच्या घरात निवृत्त नौसैनिक, वायुसैनिक किंवा कारखान्यातले कारागीर आहेत त्यांना: आजोबांना वस्तूसमोर बसवा आणि मोबाइलवर त्यांचे बोलणे मराठीत नोंदवा. पवईच्या आयआयटीला आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला: सोव्हिएत-भारतीय तंत्रसहकार्याचे एक छोटे दालन मुंबईत उघडा. आजही जागा, वस्तू आणि सांगणारी माणसे तिन्ही आहेत. दहा वर्षांनी माणसे नसतील.